आधी मीटर लावा
डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, म्हणून ट्रक चढावर बंद पडला की पहिला संशय डिझेलवरच जातो. फिल्टर चोंदला असेल, लायनीत हवा शिरली असेल. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांत ते बहुधा खरंही निघे, कारण एकदा सुरू झालेलं ते इंजिन विजेवाचून चालायचं. पुढे पंपावर शट-ऑफ सोलेनॉइड आला आणि त्याची एक सैल वायरही गाडी अडवायला पुरेशी ठरली. नव्या कॉमन रेल इंजिनांत तर इंजेक्टर उघडायचा हुकूमच ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, देतो. सगळ्यात छळवादी म्हणजे तापल्यावर दगा देणारा क्रँक सेन्सर. ढाब्यावर चहा होईपर्यंत तो थंड होतो, आणि गॅरेजात गाडी अगदी शहाण्या मुलासारखी चालते! मग अंदाजाने पार्ट बदलले जातात, बिल मालकाच्या माथी. नुसत्या स्कॅनरवर विसंबणं हा माझ्या मते जुगारच. कोड सर्किट दाखवतो, त्यातला गंजलेला कपलर नाही. त्यापेक्षा मल्टिमीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन इंजिनाच्या ब्लॉकला लावा आणि स्टार्टर मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थची पट्टी काढून घासा. बॅटरीवर २४ व्होल्ट दिसले म्हणून हुरळू नका, ते भार नसतानाचे असतात. इंजिन चालू ठेवून वायरिंग हलवून बघा, विशेषतः चासिसला घासतं तिथे. पार्ट बदलायचाच तर त्यानंतर.