टांकी भरण्याची घाई

चाकांवरचें घर घेऊन कुटुंबासह सुटी घालविण्याची हौस अलीकडे शहरांतील सुशिक्षित वर्गांत वाढूं लागली आहे. महाराष्ट्र शासनानेंही २०२१ सालीं अशा ‘कॅरॅव्हॅन’ पर्यटनासाठीं धोरण जाहीर केलें. मुंबई-ठाण्याच्या मंडळींना या कामीं शहापूर व मुरबाड हे तालुके जवळचे. नाशिकच्या रस्त्यानें गेल्यास माहुलीचा किल्ला, आणि माळशेज घाटाच्या रस्त्यानें गेल्यास सिद्धगड व गोरखगड. निजण्याची व स्वयंपाकाची सोय गाडींतच असते. नळ मात्र बरोबर नेतां येत नाहीं. शंभर लिटरांची टांकी चौघांना जपून वापरली तरी जेमतेम दोन दिवस पुरते. मग ती पुन्हां भरावयाची, आणि तीहि लवकर, हा प्रश्न उभा राहतो. त्याचाच विचार या वेळीं करूं.

पहिली गोष्ट हवेची. सुरई घाईनें पाण्यांत बुडविली असतां ती गडगड आवाज करीत भरते, हें घरांतील लहान मुलासही ठाऊक असतें. पाणी आंत शिरावयाचें तर आंतील हवा बाहेर पडली पाहिजे, आणि दोघांना वाट एकच असली म्हणजे दोघेंही अडतात. गाडीच्या टांकीस हवेसाठीं निराळी बारीक नळी असते. ती धुळीनें बुजली किंवा मुरडली म्हणजे तोंडाशीं ओतलेलें पाणी उलट अंगावर येतें, व लोक पंपास दोष देतात. यास्तव प्रथम ही नळी साफ आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि पाणी ओततांना टांकीचें तोंड सगळेंच नळीनें कोंबून बंद करूं नये.

दुसरी गोष्ट नळीच्या रुंदीची. अर्ध्या इंचाच्या रबरी नळीऐवजीं एक इंचाची घेतली तर पाणी दुप्पट येईल असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः तोंडाचें क्षेत्रफळच चौपट होतें. शिवाय रुंद नळींत पाण्याचें घर्षण कमी, म्हणून प्रवाह चौपटीहूनही अधिक वाढतो. नळी आखूड असावी हेंही याच कारणानें. पन्नास फूट वेटोळें जमिनीवर पसरून त्यांतून पाणी नेण्यापेक्षां गाडीच चार पावलें जवळ आणावी.

तिसरी आणि मुख्य गोष्ट उंचीची व सांठ्याची. डोंगरपायथ्याचा झरा किंवा एखाद्या वाडीचा बारीक नळ मिनिटास दोन लिटर पाणी देत असेल, तर शंभर लिटरांस पन्नास मिनिटें लागणारच. तेथें रुंद नळीचा कांहीं उपयोग नाहीं. अशा वेळीं वाफेच्या इंजिनांच्या काळची रेल्वेची युक्ति आठवावी. थळ घाटांतून आगगाडी १८६५ सालीं वर चढली, आणि १९३० च्या सुमारास तेथें विजेचीं इंजिनें आलीं. मधल्या काळांत तहानलेल्या इंजिनास विहिरीवर ताटकळत ठेवणें परवडणारें नव्हतें. म्हणून वाफेचीं इंजिनें चालत तेथें स्थानकांत उंच चौथऱ्यावर मोठी टांकी बांधीत. ती सावकाश भरत राही. इंजिन आलें कीं रुंद नळाचें तोंड त्यावर वळवून थोडक्या वेळांत त्याचें पोट भरीत. सावकाश सांठविणें व झपाट्यानें उतरविणें, एवढेंच त्यांतलें मर्म.

आपणही तेंच करावें. या मुलखांत चढउतार पुष्कळ. गाडी बांधाच्या खालीं उभी करावी, वर एक पिंप ठेवून त्यांत बारीक धार सोडून द्यावी व आपण स्वयंपाकास लागावें. पिंप टांकीच्या तोंडाहून हातभर-दोन हात उंच असलें आणि नळी इंचाची असली, तर वक्रनळीच्या युक्तीनें शंभर लिटर पाणी तीन-चार मिनिटांत उतरतें. यास ना वीज लागते, ना तेल. पाणी फडक्यानें गाळून घ्यावें. तुरटीनें गाळ बसतो, जंतु मरत नाहींत. पिण्याचें पाणी उकळूनच वापरावें.

गाडीच्या बॅटरीवर चालणारा लहान पंप मिनिटास दहा-बारा लिटर पाणी ओढतो. मग एवढा खटाटोप कशाला, असें कोणी म्हणेल. त्यास आमचें उत्तर असें, कीं पंप कोठें लावावयाचा हें आधीं पाहावें. मुंबईस पाणी देणारें तानसाचें धरण १८९२ पासून, व तिच्या सुमारें निम्म्या पाण्याचा भार उचलणारें भातसाचें धरण १९८३ पासून याच शहापूर तालुक्यांत उभें आहे. पाऊस दोन हजार मिलिमीटरांहून अधिक. परंतु काळ्या कातळांत तो फारसा मुरत नाहीं, उतारावरून वाहून जातो. चैत्र-वैशाखांत ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्या कित्येक पाड्यांवर टँकर येतो, विहिरींत रिकामा होतो, आणि बायका पोहऱ्यानें तेंच पाणी शेंदून हंडे भरतात. शंभर लिटर म्हणजे त्यांचे सहा-सात हंडे. डोईवरून नेतांना ज्यास त्यांचा अर्धा दिवस जातो, तें आपला पंप दहा मिनिटांत नेईल. आणि तळाशीं जो झरा रात्रभर पाझरतो, त्याचें पाणी पहांटे रांगेंत उभ्या राहणारीला मिळणार नाहीं.

म्हणून फाल्गुनानंतर या भागांत जाणाऱ्यांनीं टांकी घरच्या नळावरच भरून निघावें व वीस-वीस लिटरांचे दोन-तीन डबे अधिक बरोबर घ्यावे. तेंही संपलें तर ढाबा किंवा पेट्रोल-पंप गांठून विचारून, जरूर तर मोल देऊन पाणी घ्यावें. पाड्याच्या विहिरीवर नळी सोडूं नये. पावसाळ्याअखेरीस झरे वाहते असतात, तेव्हां वरची पिंपाची युक्ति खुशाल करावी. मात्र जागा ज्यांची, त्यांना आधीं विचारावें. पाहुण्याला नको म्हणणें खेड्यांतील माणसास जड जातें, हें ध्यानांत ठेवून विचारणाऱ्यानेंच आपली गरज बेताची ठेवावी.