सर्व्हर चालू करणं सोपं, बंद पडल्यावर उठवणं अवघड

१९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवतोय? आपल्याकडे सकाळचे पावणेदहा वाजत आले होते आणि जगभरातल्या विंडोज मशीन्सवर निळा स्क्रीन यायला लागला. त्या दिवशी आपल्या विमानतळांवर प्रवाशांच्या हातात चक्क पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले.

नेमकं झालं काय? क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीचं सॉफ्टवेअर विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालतं. कंपनीने पाठवलेल्या एका छोट्या अपडेट फाइलमध्ये चूक होती. साधं ॲप क्रॅश झालं तर तेवढं ॲप बंद पडतं. कर्नलमध्ये गडबड झाली की अख्खं मशीन बसतं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख मशीन्सना फटका बसला.

खरी गंमत पुढे आहे. कंपनीने ती फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली. तरी निस्तरायला कित्येक दिवस का लागले? कारण जे मशीन नीट सुरूच होत नाही, ते दुरुस्त फाइल घेणार कसं? सिस्टीम ॲडमिनना एकेका मशीनपाशी जाऊन, सेफ मोडमध्ये शिरून ती फाइल हाताने डिलीट करावी लागली. डिस्क बिटलॉकरने लॉक असेल तर आधी ४८ अंकी रिकव्हरी की टाका. आणि ती की ज्या सर्व्हरवर ठेवली, तोच बंद असेल तर? बसा बोंबलत!

म्हणून अपडेट बंद ठेवायचे का? अजिबात नाही. जुन्या त्रुटींतूनच हॅकर आत शिरतात. पण आधी थोड्या मशीन्सवर अपडेट टाकून बघायचं आणि मग सगळीकडे, ही शिस्त हवीच.

बॅकअपचंही तसंच. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या एका इंजिनिअरने चुकून चालू सर्व्हरवरचाच डेटाबेस उडवला. बॅकअप बघायला गेले, तर तो बनतच नव्हता! त्याचे इशारे देणारे ईमेलही पोचत नव्हते. साधारण सहा तासांपूर्वीची एक कॉपी नशिबाने सापडली. मधला डेटा मात्र गेला.

आता घरी या. जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पायवर फोटोंचा सर्व्हर करायचाय? व्हिडिओ बघून तासाभरात होईलही. पण पावसाळ्यात लाइट गेली की? रास्पबेरी पायचं मेमरी कार्ड अशा झटक्यात करप्ट होऊ शकतं. ऑफिसात निदान रात्री फोन करायला कुणीतरी असतं. घरी ॲडमिन तुम्हीच आणि ‘फोटो दिसत नाहीत’ अशी तक्रार करणारी आईसुद्धा घरातच!

त्यामुळे फोनमधले फोटो उडवण्याआधी एवढं करा:

- डेटाच्या तीन कॉपी ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर.
- छोटा यूपीएस लावा.
- पासवर्ड आणि रिकव्हरी की त्याच सर्व्हरवर ठेवू नका. कागदावर लिहून ठेवलेल्या बऱ्या.
- महिन्यातून एकदा बॅकअपमधून एखादा फोटो खरंच परत आणून बघा.

शेवटचं काम सगळ्यात कंटाळवाणं आहे, पण तेच टाळू नका. कारण ज्या बॅकअपमधून एकदाही काही परत आणून बघितलेलं नाही, तो बॅकअप आहे असं समजूच नका.