शेरू हरवलाय, पुढे काय?

दिवाळीच्या आठवड्यात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. ‘आमचा शेरू फटाक्यांना घाबरून पळालाय, दिसला तर कळवा.’ आपण तो फॉरवर्ड करतो आणि विसरतो. पण कोपरीतून पळालेला शेरू जाणार कुठे? एका बाजूला रेल्वेचे रूळ, दुसऱ्या बाजूला हायवे. आनंदनगर नाका ओलांडला की मुलुंड, म्हणजे थेट मुंबई महापालिका. शेरूला हद्द कळत नाही, शोधणाऱ्यांना मात्र कळायला हवी. चौकशी दोन्हीकडे करावी लागते.

शेल्टरमध्ये आणलेल्या कुत्र्याची ओळख पटवायच्या खुणा मोजक्याच. गळ्यातला पट्टा ही पहिली. नसबंदी झालेल्या भटक्या कुत्र्याच्या कानाला छोटी खाच असते, ती दुसरी. तिसरी म्हणजे कातडीखालची, तांदळाच्या दाण्याएवढी चिप. स्कॅनर फिरवला की त्यावर १५ अंकी नंबर दिसतो. पण चिप म्हणजे जीपीएस नव्हे. त्या नंबरापुढे तुमचा जुना मोबाइल नंबर असेल, तर उपयोग शून्य. त्यापेक्षा सोपा उपाय जुलै २०२३ मध्ये मुंबई विमानतळाबाहेर दिसला. तिथल्या २० भटक्या कुत्र्यांच्या गळ्यात क्यूआर कोड अडकवले गेले. मोबाइलवर स्कॅन केलं की कुत्र्याची माहिती समोर.

हे सगळं आत्ता महत्त्वाचं का? ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने आधी दिल्ली परिसरातली भटकी कुत्री शेल्टरमध्ये हलवायला सांगितलं. ११ दिवसांत तो आदेश बदलला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडायची, अपवाद फक्त रेबीज झालेल्या आणि आक्रमक कुत्र्यांचा. मग ७ नोव्हेंबरला शाळा-कॉलेज, हॉस्पिटल, बस डेपो आणि रेल्वे स्टेशनच्या आवारातल्या कुत्र्यांबाबत नवा आदेश आला. ही कुत्री हलवायची आणि परत तिथे सोडायची नाहीत. म्हणजे कॅन्टीनबाहेर झोपणारा आपला कॅम्पसचा काळूही त्यात आला.

आता गणित बघा. अशा कुत्र्यांना शेल्टरमध्ये जागा लागणार. तिथला एक पिंजरा घर असलेल्या शेरूने अडवला, तर काळूची जागा गेली. शेरू लवकर घरी पोहोचला, तरच काळूसाठी जागा राहते. आणि काळूला कायमचं बाहेर पडायचं असेल, तर रस्ता एकच: कुणीतरी दत्तक घेणं. त्यासाठी महापालिकेकडे अर्ज करता येतो. अट एवढीच की घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर यायला नको.

खरी मेख इथेच आहे. हौसेने आणलेलं पिल्लू परीक्षेच्या किंवा घर बदलण्याच्या वेळी रस्त्यावर सोडणारेही आपल्यातच आहेत. १९६० च्या कायद्यानुसार तो गुन्हा आहे, पण पहिल्या वेळचा दंड जास्तीत जास्त ५० रुपये. कॅन्टीनच्या चहा-सामोशाइतका! तेवढ्या भीतीने कुणी थांबत नाही. म्हणून घ्यायच्या आधीच विचार करा. आणि घरात शेरू असेल, तर आज संध्याकाळी त्याच्या पट्ट्यावर स्वतःचा चालू मोबाइल नंबर लिहा.