रुपयाचा शेजारधर्म

मुंबईत डॉलर 90 रुपयांना झाला, की काठमांडूत तो 144 नेपाळी रुपयांना होतो. फेब्रुवारी 1993 पासून शंभर भारतीय रुपये म्हणजे एकशे साठ नेपाळी रुपये, हा दर ठरलेला आहे. त्यानंतर नेपाळने माओवाद्यांचे दहा वर्षांचे यादवी युद्ध पाहिले, 2001 चे राजवाड्यातले हत्याकांड पाहिले, 2008 मध्ये राजेशाही संपवली, 2015 चा भूकंप सोसला. दर तसूभरही हलला नाही. भूतानचा न्गुलत्रम तर 1974 पासून भारतीय रुपयाच्या बरोबरीनेच चालतो आणि तिथल्या बाजारात आपली नोटही सर्रास घेतली जाते.

दक्षिण आशियाला सामाईक चलन हवे, अशी कल्पना अटलबिहारी वाजपेयी यांनी पंतप्रधान असताना 2003 च्या अखेरीस बोलून दाखवली होती. आज ती कोणी काढली तर हसे होईल. पण कोणताही गाजावाजा न होता रुपयाचे एक छोटे क्षेत्र केव्हाच तयार झाले आहे. त्याच्या जबाबदारीचे काय, हे मात्र भारताने अजून ठरवलेले नाही.

शेजारी देशांनी अर्थव्यवहार जोडण्याच्या पायऱ्या अर्थतज्ज्ञ बेला बलासा यांनी 1961 मध्ये मांडल्या. आधी आपसांतली आयातशुल्के काढायची, मग बाहेरच्यांना सगळ्यांनी एकच शुल्क लावायचे, मग माणसांना आणि भांडवलाला वाट मोकळी करायची, त्यानंतर धोरणांचा मेळ घालायचा. युरोप साधारण याच वाटेने गेला: 1957 चा रोम करार, 1968 चा सीमाशुल्क संघ आणि थेट 1999 मध्ये युरो. एवढे करूनही ग्रीसच्या संकटाने युरोपला घाम फोडला.

आपल्याकडे क्रमच उलटा. ‘साफ्टा’ हा मुक्त व्यापाराचा करार 2006 मध्ये लागू झाला, तरी दक्षिण आशियाचा आपसांतला व्यापार एकूण व्यापाराच्या पाच टक्क्यांच्या आसपासच घुटमळतो. सार्कची शिखर परिषद 2014 नंतर भरलेली नाही. खालच्या पायऱ्या अशा निसरड्या असताना नेपाळ आणि भूतान चलनाच्या पायरीवर मात्र येऊन बसले आहेत.

त्यांना याचा फायदा नक्कीच आहे. व्यापाराचा मोठा हिस्सा ज्या देशाशी, त्याच्याशी दर पक्का असला की व्यापाऱ्याची धाकधूक संपते आणि महागाईलाही लगाम राहतो. पण स्थिर दर, भांडवलाची मोकळी ये-जा आणि स्वतःचे व्याजदर या तीनही गोष्टी एकाच वेळी मिळत नाहीत. नेपाळने भांडवलावर कागदोपत्री निर्बंध ठेवले असले, तरी साडेसतराशे किलोमीटरच्या खुल्या सीमेवर पैसा अडवणार कसा? त्यामुळे नेपाळ राष्ट्र बँकेला व्याजदर ठरवताना मुंबईकडे पाहावेच लागते. 2013 मध्ये रुपया कोसळला तो भारताच्या तुटीमुळे आणि अमेरिकेच्या धोरणामुळे. तरी नेपाळात डॉलर शंभरीपार गेला. आखातात आणि मलेशियात राबणाऱ्या नेपाळींनी पाठवलेल्या कमाईतले डॉलर विकून तिथली मध्यवर्ती बँक भारतीय रुपये विकत घेते. भूतानवरही डिसेंबर 2011 मध्ये रुपयांची चणचण भागवण्यासाठी वीस कोटी डॉलर विकण्याची वेळ आली होती.

नोटाबंदीने या नात्याची दुसरी बाजू उघडी पाडली. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या, त्या नेपाळी लोकांच्या घरांत आणि बँकांतही होत्या. त्या बदलून देण्याची चर्चा वर्षानुवर्षे रेंगाळली. डिसेंबर 2018 मध्ये नेपाळने शंभरहून मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली.

दक्षिण आफ्रिकेने हे नाते वेगळ्या रीतीने सांभाळले आहे. लेसोथो, इस्वातिनी आणि नामिबिया यांची चलने तिथल्या रँडच्या बरोबरीने चालतात. परदेशात फिरणारी नोट म्हणजे ती छापणाऱ्या देशाला मिळालेले बिनव्याजी कर्ज. म्हणून लेसोथो आणि नामिबियात फिरणाऱ्या रँडबद्दल दक्षिण आफ्रिका त्यांना ठरलेल्या सूत्रानुसार भरपाई देते. चलनविषयक प्रश्नांवर आपसांत सल्लामसलत करण्याची तरतूदही करारातच आहे. रँडच्या व्याजदराचा निर्णय शेवटी दक्षिण आफ्रिकाच घेते, पण धाकट्या देशांना बोलायला जागा असते.

दर बांधण्याचा निर्णय नेपाळचा आणि भूतानचा स्वतःचा, भारताने त्याची किंमत का मोजावी, असा आक्षेप येईल. तो चुकीचा नाही, पण अर्धाच खरा आहे. विनिमय दराच्या जोखमीविना मिळणारी बाजारपेठ हा भारताचा फायदा आहे. शिवाय रुपयाला आंतरराष्ट्रीय चलन करायची भारताची इच्छा आहे. जनकपूरच्या दुकानदाराचा विश्वास टिकवता आला नाही, तर दुबईचा व्यापारी रुपया कशाच्या भरवशावर साठवणार?

रिझर्व्ह बँक 2012 पासून सार्क देशांना चलन अदलाबदलीची सोय देते. 2024 ते 2027 साठी त्यात पंचवीस हजार कोटी रुपयांची वेगळी खिडकीही आहे. ही मदत मोलाची आहे, पण ती देणाऱ्याच्या मर्जीवर चालते. तिच्या जोडीला लेखी करार हवा: तिन्ही मध्यवर्ती बँकांची नियमित बैठक, नेपाळ-भूतानमध्ये फिरणाऱ्या रुपयांवरच्या उत्पन्नात वाटा आणि एखादी नोट रद्द झाली तर शेजाऱ्यांना ती बदलून घेण्याची ठरलेली मुदत. 2024-25 साठी रिझर्व्ह बँकेने केंद्र सरकारला 2 लाख 68 हजार कोटींहून अधिक रक्कम दिली. त्या तुलनेत या वाट्याचा खर्च किरकोळ ठरेल आणि नेपाळच्या बँकांत अडकलेल्या जुन्या नोटांचा हिशेब मिटवून त्याची सुरुवात याच वर्षी करता येईल.