रंजन आणि माकडचेष्टा

"लोकांना हसायला हवे असते, आम्ही हसवतो, यात बिघडले कुठे?" असा सवाल हल्ली विनोदाचा प्रत्येक दुकानदार करतो. मी म्हणतो, बिघडले ते इथेच! हसू फुटले एवढ्यावरून रंजन झाले असे मानायचे, तर गुदगुल्या करणारा इसम सर्वांत थोर कलावंत ठरेल.

सोंग घेण्यात कमीपणा आहे, असे माझे मुळीच म्हणणे नाही. सोळाव्या शतकात एकनाथ महाराजांनी भारुडांतून वासुदेव, जोशी, गोंधळी अशी किती सोंगे घेतली! १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तला तळीराम घ्या. त्याच्या आर्यमदिरामंडळाला आपण पोट धरधरून हसतो. पुढे सुधाकराच्या संसाराची राखरांगोळी पाहताना तेच हसू घशात अडकते. चॅप्लिनने १९३६ च्या 'मॉडर्न टाइम्स'मध्ये सरकत्या पट्ट्यावरचे नट आवळता आवळता कामगाराचाच यंत्र कसा होतो, ते दाखविले. ही मंडळी हसवीत, पण हसता हसता डोळे उघडीत.

आणि माकडचेष्टा? पुरुषाला लुगडे नेसवा, लठ्ठ बाईला मुरडायला लावा, काळ्याला डांबर म्हणा, तोतऱ्याला बोलते करा, झाला प्रवेश! तमाशातल्या गौळणीत मावशी होणाराही पुरुषच. पण ती मावशी साक्षात श्रीकृष्णाशी भांडते, एखाद्या दुबळ्याला चिमटे काढीत बसत नाही.

हे सारे मी सोवळ्यात राहून सांगतो आहे, असे कृपा करून समजू नका. मास्तरकीच्या पहिल्याच वर्षी एका तोतऱ्या मुलाची नक्कल मी भर वर्गात केली. वर्ग खो खो हसला. तो मुलगाही हसला. मी खूश, काय तास रंगला! पुढे वर्षभर त्या पोराने उत्तरासाठी एकदाही हात वर केला नाही. चाळीस मुलांचे रंजन केले म्हणून मी फुशारत होतो. त्याची किंमत मात्र त्या एकट्या पोराने मोजली होती.

वाचकहो, दिवाळीच्या फराळाला आप्तेष्ट जमतील, गप्पा रंगतील, नकलाही होतील. खुशाल हसा! फक्त हसू ओसरले की एकदा सभोवार नजर टाका. ज्याच्यावरून हसलो, तो अजून आपल्यातच बसला आहे ना?