केसपेपरवरची एक ओळ

‘मोटारसायकल स्लिप होऊन पडला.’

कॅज्युअल्टीतल्या केसपेपरवर निळ्या बॉलपेननं लिहिलेलं एवढंच वाक्य. वेळ रात्री पावणेदहा. सोबत आणणाऱ्याचं नातं : चुलतभाऊ. हा कागद माझ्या हातात आला तेव्हा मी विमा कंपन्यांच्या बाजूनं उभा राहत असे. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात सव्वीस वर्षांचा मुलगा होता. दूध संकलन केंद्रावर कामाला, उजव्या मांडीत सळई. त्याचं म्हणणं, मागून आलेल्या टेम्पोनं उडवलं. फिर्यादीत टेम्पोचा नंबर होता, पण फिर्याद अपघातानंतर अकराव्या दिवशीची. मी उलटतपासणीत तीनच प्रश्न विचारले. दवाखान्यात नेलं तेव्हा शुद्धीवर होतास? ‘होतो.’ डॉक्टरांना हकिकत कुणी सांगितली? ‘भावानं. माझ्यासमोर.’ मग यात टेम्पो कुठे आहे? तो गप्प झाला. दावा फेटाळला गेला.

नंतर व्हरांड्यात चुलतभाऊ मला गाठून म्हणाला, ‘साहेब, पोलीस केस म्हटलं की डॉक्टर हात लावत नाहीत असं ऐकलं होतं. म्हणून तसं सांगितलं.’ तो खोटं बोलत नसावा. पण व्हरांड्यातल्या बोलण्याला पुराव्यात जागा नाही.

त्याच्या भीतीवर सर्वोच्च न्यायालयानं 1989 सालीच उत्तर दिलेलं आहे. परमानंद कटारा प्रकरण. योगायोग असा की तेही एका स्कूटरवाल्याचंच. भरधाव मोटारीनं त्याला उडवलं. जवळच्या रुग्णालयानं ‘पोलीस केस आम्ही घेत नाही’ म्हणून वीसेक किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयाकडे धाडलं आणि तो वाटेतच गेला. आधी उपचार, कागद नंतर, आणि यातून सरकारी किंवा खासगी कुठल्याच डॉक्टरची सुटका नाही, असं न्यायालयानं तेव्हा बजावलं. पस्तीसहून अधिक वर्षं उलटली, तरी गावागावांत अजून ‘स्लिप झाली म्हणून सांग’ हाच सल्ला फिरतो. कधी लायसन नसतं म्हणून, कधी ट्रिपल सीट होते म्हणून, कधी टेम्पोवाला गावचाच असतो म्हणून. दुचाकीस्वाराचा दावा बुडतो तो बहुतेक वेळा या ओळीत. कोर्टात आम्ही नंतर जे करतो ते त्या बुडालेल्या दाव्याचं मोजमाप.

रस्त्यावरचा आपला कायदा वेगळाच आहे. तिथे मोठी गाडी दोषी. ट्रक आणि कार असेल तर ट्रक, कार आणि मोटारसायकल असेल तर कार, मोटारसायकल आणि सायकल असेल तर मोटारसायकल. गर्दी जमते, कारवाल्याची किल्ली काढून घेतली जाते, पाच-दहा हजारांवर तोडगा निघतो. हवालदार आलाच तर तोही म्हणतो, ‘कशाला कोर्टकचेरी? मिटवून टाका.’ मग ‘माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही’ अशा चिठ्ठीवर सही होते. मांडीचं हाड मोडलंय हे दुसऱ्या दिवशीच्या एक्स-रेत कळतं, तोवर दहा हजार ॲम्ब्युलन्स आणि इंजेक्शनांत संपलेले असतात.

मोटार अपघाताचे दावे चालवणारं न्यायाधिकरण मात्र गाडीचा आकार बघत नाही. ते बघतं की अपघात घडला कशामुळे. इथे फौजदारी खटल्यासारखा शंकेपलीकडचा पुरावा लागत नाही. दोन हकिकतींपैकी जास्त संभवनीय कुठली, एवढंच ठरवायचं असतं. ही सवलत मोठी आहे, फक्त तिच्यासाठी तुमची हकिकत पहिल्या दिवसापासून एकच हवी. फिर्यादीला उशीर झाला तर एक वेळ चालतं. माणूस आधी जखमीला घेऊन धावणार की ठाण्यात जाणार, अशा अर्थाचं सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये रवी विरुद्ध बद्रीनारायण या निकालात म्हटलं आहे. केवळ उशिरामुळे दावा फेटाळता येत नाही. उशिराचं कारण सांगता येतं. केसपेपरवर ‘स्लिप’ लिहिलेलं असेल तर मात्र आपण आधी खोटं बोललो की आता बोलतोय, याचा खुलासा करत बसावं लागतं.

केसपेपरनंतरचा कागद म्हणजे घटनास्थळ पंचनामा. तो ज्यांनी वाचलेला नाही त्यांना वाटतं, पोलिसांनी शास्त्रशुद्ध काहीतरी मोजून लिहिलं असेल. प्रत्यक्षात तो पुष्कळदा दुसऱ्या दिवशी सकाळी होतो. पंच म्हणून समोरच्या चहावाल्याला आणि पंक्चरवाल्याला बोलावलेलं असतं. रस्त्याच्या कडेपासूनचं अंतर पावलांनी मोजलेलं. नकाशात एक चौकोन म्हणजे टेम्पो, एक रेघ म्हणजे मोटारसायकल. आणि ती मोटारसायकल रात्रीच कुणीतरी रहदारीला अडथळा नको म्हणून उचलून कडेला लावलेली असते! काचांचे तुकडे कुठे पडले, टायर घासल्याची खूण कुठून सुरू झाली, हे लिहिलं तर लिहिलं. उजव्या बाजूचं फूटरेस्ट वाकलं की मागचं मडगार्ड चेपलं, या एका नोंदीवरून धडक कुठून बसली ते कळतं. हेडलाइट फुटलेली, हँडल वाकलेलं आणि मागची बाजू धड असेल तर ‘मागून उडवलं’ म्हणणारा माणूस अडचणीत येतो.

म्हणून गाडी हलवण्याआधी मोबाइलवर चार फोटो काढा. एकात दोन्ही गाड्या आणि मागे ओळखता येईल अशी एखादी पाटी किंवा मैलाचा दगड. एकात समोरच्या गाडीची नंबरप्लेट. रक्ताचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकणारे शंभर भेटतात, नंबरप्लेटचा फोटो काढणारा एखादाच.

आता चुकीच्या वाटणीबद्दल. दोघांचीही चूक असेल तर न्यायाधिकरण टक्के ठरवतं. भरपाई बारा लाखांची निघाली आणि तुमची चूक पंचवीस टक्के धरली, तर तीन लाख वजा. विमा कंपनीचा वकील या टक्क्यांसाठीच झगडतो, आणि त्याची हुकमी हत्यारं तीन : लायसन नाही, ट्रिपल सीट, हेल्मेट नाही. मी ती कैक वर्षं वापरली, त्यामुळे ती किती बोथट आहेत हे मला ठाऊक आहे. नुसतं लायसन नसणं म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, हे सुधीर कुमार राणा प्रकरणात 2008 मध्येच ठरलं. ट्रिपल सीटचंही तसंच. 2020 सालच्या मोहम्मद सिद्दिकी प्रकरणात मोटारसायकलवर तिघे होते आणि मागून मोटारीची धडक बसली होती. उच्च न्यायालयानं तिघे बसल्याबद्दल दहा टक्के कापले होते, सर्वोच्च न्यायालयानं ते परत दिले. तिघे बसल्यामुळे अपघात घडला किंवा इजा वाढली, हे आधी सिद्ध करा, मग कापा. तिघे बसणं हा कायद्याचा भंग आहेच आणि त्याचा दंड भरावा लागेल. पण दंड सरकारला द्यायचा असतो, विमा कंपनीला नव्हे.

हेल्मेटचं थोडं निराळं. हेल्मेट नसल्यामुळे धडक होत नाही, डोक्याची जखम वाढते. त्यामुळे डोक्याला मार असेल तर वाद होऊ शकतो, आणि त्यावर सगळ्या उच्च न्यायालयांचा सूर एक नाही. पण पाय मोडलेल्या माणसाला हेल्मेटबद्दल विचारून मी स्वतः न्यायाधीशांची बोलणी खाल्ली आहेत. (हे वाचून हेल्मेट घरी ठेवणाऱ्यांसाठी एक आकडा : 2022 साली देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली, त्यांतले 44.5 टक्के दुचाकीवरचे होते.)

लायसनची गोष्ट इथे संपत नाही. समोरच्या गाडीच्या विमा कंपनीकडून भरपाई मागताना लायसन नसणं आड येत नाही, पण स्वतःच्या विम्याकडे जाल तेव्हा तेच दाराशी उभं राहतं. गाडीचा दुरुस्तीखर्च आणि मालक-चालकाचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा, दोन्हींना वैध लायसन लागतं. आणि या 15 लाखांत आणखी एक मेख आहे. ते संरक्षण गाडीच्या नोंदणीकृत मालकाला, तोच चालवत असेल तर. आपल्याकडे गाडी वडिलांच्या नावावर असते आणि चालवतो मुलगा. तो एकटाच घसरून दुभाजकावर आदळला, तर दुसरी गाडी नाही, म्हणून दुसरी विमा कंपनीही नाही. मालक नाही, म्हणून 15 लाख नाहीत. मागून आणलेली गाडी चालवणारा मालकाच्याच जागी उभा असतो, तो मालकाच्या विम्याकडे तिऱ्हाईत म्हणून भरपाई मागू शकत नाही, हे निंगम्मा प्रकरणात 2009 मध्ये ठरलेलं आहे. या एका कारणासाठी मी किती आयाबापांना हात हलवत परत पाठवलं असेल, मोजलेलं नाही.

मागे बसणाऱ्यांचा गोंधळ याहून मोठा. नवरा चालवत होता, बायको मागे, समोरून जीप आली, दोघांची चूक. बाई ऑफिसात येऊन पहिला प्रश्न विचारते, ‘म्हणजे मी यांच्यावर केस करायची का?’ गरज नाही, वहिनी. मागे बसणाऱ्याच्या हातात हँडल नसतं, त्यामुळे तुमची चूक शून्य. खेन्येई प्रकरणाच्या 2015 सालच्या निकालाप्रमाणे तुम्ही जीपच्या मालकाकडून आणि विमा कंपनीकडून पुरी रक्कम घेऊ शकता. नंतर कुणी कुणाकडून किती वसूल करायचं ते त्यांचं ते बघतील. पण सगळी चूक नवऱ्याचीच असेल, खड्डा चुकवताना त्यानंच गाडी पाडली असेल, तर प्रश्न त्याच्या पॉलिसीवर येतो. नुसती थर्ड पार्टी असेल तर मागे बसलेली बायको तीत येत नाही. टिळक सिंग प्रकरणात 2006 मध्ये हे स्पष्ट झालं. लोक ज्याला ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतात त्या पॅकेज पॉलिसीत ती येते. विमा नियामकानं 2009 मध्ये कंपन्यांना तसं बजावलेलंही आहे. तरी काही शे रुपये वाचवायला लोक नूतनीकरणाच्या वेळी पॅकेज सोडून नुसती थर्ड पार्टी घेतात, आणि त्याच गाडीवर मागे बायको, पुढे टाकीवर पोर.

गाडीच्या दुरुस्तीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तिथे चूक कुणाची हे कंपनी विचारत नाही. सर्व्हेअर येईपर्यंत गॅरेजवाल्याला हात लावू देऊ नका, आणि प्लास्टिकच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात हे आधीच धरून चाला. हल्लीच्या गाड्यांत धातू कमी आणि प्लास्टिक जास्त, त्यामुळे बिल बघून तोंड वाकडं होतंच. दोन-तीन हजारांच्या कामासाठी क्लेम करून नो-क्लेम बोनस घालवू नये, हे गॅरेजवाले स्वतःच सांगतात आणि ते बरोबर सांगतात.

मुदतीचं मात्र ठळक सांगतो. 1 एप्रिल 2022 पासून दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करायचा आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्याच्या भरवशावर झोपू नका. दावा अपघात झाला तिथेच लावायला हवा असंही नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही लावता येतो. गोव्याला गेलेल्या पोराला म्हापशाजवळ उडवलं, तरी वडील सांगलीत दावा लावू शकतात. चूक कुणाची हा वादच न घालता मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळण्याची सोय कायद्यात आहे. पण ते स्वीकारले की न्यायाधिकरणापुढचा मोठा दावा संपतो. कमावत्या, तिशीतल्या माणसाच्या बाबतीत ही सही फार महागात पडते. उडवून पळालेली गाडी सापडलीच नाही तर मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50 हजार सरकारी योजनेतून मिळतात. त्यासाठीही गाडीनं उडवलं अशी नोंद लागते. ‘स्लिप’वाल्याला तेही नाहीत.

दोन विनंत्या. जखमीबरोबर दवाखान्यात तुम्ही गेलात, तर डॉक्टर काय लिहितायत ते बघा, आणि धडक बसली असेल तर ‘अनोळखी टेम्पोनं मागून धडक दिली’ एवढं वाक्य त्यांच्याकडून लिहून घ्या. नंबर माहीत असेल तर नंबरासकट. आणि आज घरी गेलात की सीटखालची पॉलिसी काढून दोन गोष्टी वाचा : ती थर्ड पार्टी आहे की पॅकेज, आणि तिच्यावर नाव कुणाचं आहे. गाडी जो रोज चालवतो त्याचं नसेल, तर सोमवारी एजंटला फोन करा.