ऐकण्याची मजुरी

गाडी दुरुस्तीला टाकली की आपण दोन गोष्टींचे पैसे देतो. एक सुट्या भागांचे आणि दुसरे खोलण्या-जोडण्याच्या मजुरीचे. बिघाड नेमका कुठे आहे हे शोधायला जो वेळ जातो त्याचे पैसे कोणी मागत नाही आणि कोणी देतही नाही. माझे मत असे की ते मागावेत आणि आपण घासाघीस न करता द्यावेत. जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवलेल्या माणसाने गाड्यांवर लिहावे याचे काही जणांना हसू येईल. पण त्याला कारण घडले आहे.

माझा पुतण्या नारायणगावहून टोमॅटो भरून माळशेज घाटाने कल्याणला नेतो. पिकअप जुनीच घेतलेली, हप्ते अजून चालू आहेत. यंदा उन्हाळ्यात तिच्यातून एक चमत्कारिक आवाज येऊ लागला. पंधरा-वीसच्या वेगात किच, किच, किच, अगदी खाली कुठे चिमणी अडकल्यासारखा. वेग वाढला की किचकिच भरभर होई आणि चाळिसाच्या पुढे बाकीच्या आवाजात बुडून जाई. चमत्कारिक अशासाठी की गाडी रिकामी असतानाच तो येई. माल भरला की गप्प! घरातल्यांनी तेवढ्यावर निकाल देऊन टाकला. माल भरल्यावर येत नाही ना, मग काळजी कशाला?

तालुक्याच्या एका गॅरेजवाल्याने स्कॅनर लावून पाहिला. त्यात काही निघाले नाही, आणि निघणारही नव्हते. स्कॅनर बोलतो तो सेन्सरांशी; गाडीच्या पोटाखाली कोरडे पडलेले लोखंड त्याला कसे दिसणार? मग गॅरेजवाल्याने दोन मिनिटे गाडी फिरवली आणि म्हणाला, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. अठरा हजार रुपये आणि तीन दिवस. ऐन हंगामात तीन दिवस गाडी उभी राहणे म्हणजे काय, हे आमच्या भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

आमचे शेजारी तात्या एसटीच्या डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. त्यांनी पाना हातात घेण्याआधी पुतण्याला समोर बसवून प्रश्न विचारले. क्लच दाबल्यावर आवाज बदलतो का? न्यूट्रलमध्ये गाडी नुसती घरंगळू दिली तर येतो का? वळणावर कमीजास्त होतो का? पोराला निम्म्या प्रश्नांची उत्तरे ठाऊक नव्हती. "काका, आवाज येतो एवढंच माहीत आहे," असे मलाच सांगू लागला. आपल्याकडे बहुतेकांची हीच गत. पोट दुखते म्हणून डॉक्टरकडे जातो आणि कुठे, कधी, जेवणाआधी की नंतर, हे विचारले की छताकडे पाहतो.

मग तात्या स्वतः गाडीत बसले. एकाच वेगात आधी तिसरा गिअर टाकायला लावला, मग चौथा. इंजिनाचा सूर उतरला, पण किचकिचीचा ठेका तोच राहिला. म्हणजे इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सचा पुढचा भाग सुटला; आवाज चाकांच्या बाजूने कुठून तरी येत होता. मग गाडी सपाटीला आणून, इंजिन बंद करून, न्यूट्रलमध्ये आम्ही चौघांनी ढकलली. मागच्या टायरवर खडूची खूण केली होती आणि मोजायचे काम माझ्याकडे होते. चाकाचे दहा फेरे, किच चाळीस-एक वेळा.

तात्या म्हणाले, "झालं. शाफ्टचा क्रॉस."

हिशेब सरळ आहे. दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये किंवा ब्रेकमध्ये असता तर दहा फेऱ्यांत दहाच्या आसपास आवाज आले असते. पण अशा पिकअपमध्ये चाक एकदा फिरते तेव्हा प्रॉपेलर शाफ्ट साधारण चारदा फिरतो. डिफरन्शियलमधल्या लहानमोठ्या दात्यांच्या चाकांचा तो गुणाकार. खाली वाकून पाहिले तर मागच्या क्रॉसच्या टोपीभोवती गंजाची तांबडी पूड जमली होती. आतले सुईसारखे रोलर ग्रीसवाचून कोरडे पडले की ती अशी बाहेर येते.

आणि माल भरल्यावर गप्प का? रिकाम्या गाडीचा मागचा भाग पाट्यांवर उंच उभा असतो, त्यामुळे शाफ्ट तिरका राहतो आणि फिरताना क्रॉसला जास्त मुरडावे लागते. माल चढला की पाटे दबतात, शाफ्ट सरळीकडे येतो, क्रॉस कमी हलतो. या सांध्याला रॉबर्ट हूकचे नाव आहे, आणि वजनाच्या प्रमाणात स्प्रिंग दबते हा शाळेत शिकवतात तो नियमही त्याचाच. मला हे भारी वाटले, पुतण्याला अर्थातच नाही.

म्हणजे आवाज यायचा घाट चढून रिकामे परतताना, आणि खरा धोका होता माल घेऊन घाट उतरताना. क्रॉस तुटला की इंजिनाचा चाकांशी संबंध संपतो. गिअरमध्ये धरून गाडी उतरवायची सोय जाते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. लोंबणारा शाफ्ट रस्त्यावर आपटतो तो वेगळाच. गाडी नुसती गिअरमध्ये टाकून उभी केली असेल तर तीही घरंगळू शकते. "भरल्यावर येत नाही ना" या वाक्याचा मला म्हणूनच राग येतो.

नवा क्रॉस आणि मजुरी मिळून बाराशे रुपये झाले. शाफ्ट काढण्याआधी तात्यांनी दोन्ही बाजूंना खडूने खुणा करून घेतल्या, कारण दोन्ही टोकांचे सांधे पहिल्यासारखेच जुळले नाहीत तर गाडी थरथरू लागते.

गॅरेजवाल्याला मी लबाड म्हणणार नाही. बाहेर सहा गाड्या उभ्या, तास-दीड तास आवाज ऐकण्यात घालवला असता तर त्याला कोणी दमडी दिली नसती, उलट "काही केलंच नाही तर पैसे कसले?" असे ऐकावे लागले असते. गिअरबॉक्स उतरवला तर मात्र मजुरी ठरलेली. नुसत्या शोधाचे पाचशे रुपये आधीच ठरले असते तर तोही कदाचित गाडीखाली वाकला असता. डॉक्टरांची तपासणी फी आपण मुकाट देतो की! ती इथे का जड जावी?

तात्यांनी पैसे घेतले नाहीत, शेजारधर्म म्हणून. पण प्रत्येकाच्या शेजारी तात्या नसतात. तुमच्या गावात निव्वळ तपासणीचे पैसे घेणारे गॅरेज असेल तर मला जरूर कळवा, आणि किती घेतात तेही.